विश्लेषण : निसर्गाने दिलेले जंतुनाशक प्रयोगशाळेत का बदलावे लागते? पेप्टाइड औषधांची गोष्ट, परळ-पुण्यापासून गडहिंग्लजच्या गोठ्यापर्यंत

डिजिटल डेस्क, गडहिंग्लज : खरचटले, कापले की मेडिकल दुकानातून निओस्पोरिनची पावडर किंवा मलम आणले जाते. त्यात तीन औषधे असतात: पॉलिमिक्सिन बी, बॅसिट्रॅसिन आणि निओमायसिन. यातली पहिली दोन ‘पेप्टाइड’ या गटातली आहेत. मातीत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांनी शेजारच्या जंतूंशी लढण्यासाठी ती तयार केली आणि माणसाने उचलली.

जंतू मारण्यात ही पेप्टाइड्स तरबेज आहेत. तरीही बहुतेकांचा वापर कातडीवर लावण्यापुरताच राहिला. शिरेतून दिली तर काही मूत्रपिंडाला इजा करतात, काही रक्तपेशी फोडतात, काही मिनिटांतच तुटून जातात. नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारे जंतू वाढत असताना या रेणूंमध्ये रासायनिक बदल करून ते वापरण्याजोगे करण्याचे प्रयत्न जगभर सुरू आहेत. त्यात मुंबई आणि पुण्याचाही वाटा आहे. हे बदल नेमके कोणते, ते कुठे जमले, कुठे फसले आणि आपल्या भागाशी त्यांचा काय संबंध, हे समजून घेऊ.

घाई कशासाठी?

‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले. असा संसर्ग ज्या मृत्यूंशी जोडलेला होता, त्यांची संख्या सुमारे ४९ लाख ५० हजार होती. याच गटाच्या २०२४ मधील अंदाजानुसार, २०२५ ते २०५० या काळात अशा जिवाणूंमुळे ३ कोटी ९० लाख जीव जाऊ शकतात.

आज वापरात असलेल्या अँटिबायोटिक्सची बहुतेक घराणी विसाव्या शतकात सापडलेली आहेत. त्यांच्यात थोडाफार फरक करून नवी औषधे येतात आणि जंतू त्यांनाही सरावतात. म्हणून वेगळ्या पद्धतीने मारणाऱ्या रेणूंचा शोध सुरू आहे. पेप्टाइड्सचे नाव त्यात वरच्या रांगेत येते.

पेप्टाइड म्हणजे काय आणि ते जंतू कसे मारते?

प्रथिने अमिनो आम्लांच्या लांब साखळ्यांची बनलेली असतात. साखळी आखूड असली, म्हणजे साधारण पन्नासेक कड्यांपर्यंत, तर तिला पेप्टाइड म्हणतात. जंतुनाशक पेप्टाइड्स बेडकाच्या कातडीत, कीटकांच्या शरीरात, वनस्पतींत, जिवाणूंमध्ये आणि माणसातही असतात. आपल्या त्वचेत आणि पांढऱ्या पेशींत एलएल-३७ नावाचे ३७ कड्यांचे पेप्टाइड पहारा देत असते.

यातल्या बहुतेकांच्या रचनेत दोन गोष्टी असतात: धन विद्युतभार आणि एक तेलकट बाजू. जिवाणूच्या आवरणाचा बाहेरचा भाग ऋणभारित असतो, त्यामुळे पेप्टाइड तिकडे ओढले जाते. एकदा चिकटले की तेलकट बाजू आवरणात घुसते आणि भोके पाडते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे आणि एक तेलाकडे असते, तसाच हा प्रकार. आपल्या पेशींची बाहेरची बाजू जवळपास भाररहित असते, म्हणून त्या बऱ्याच अंशी वाचतात.

साधे अँटिबायोटिक बहुतेकदा जंतूच्या एखाद्या विशिष्ट प्रथिनाला लक्ष्य करते. ते प्रथिन थोडे बदलले की औषध निकामी होते. संपूर्ण आवरणाची घडण बदलणे जंतूला त्यापेक्षा अवघड जाते. अवघड असले तरी ते अशक्य नाही, हे पुढे कोलिस्टिनच्या उदाहरणात दिसेल.

मग ती जशीच्या तशी का देत नाहीत?

पहिली अडचण टिकण्याची. रक्तात आणि आतड्यात प्रथिने तोडणारी एन्झाइम्स असतात. त्यातले ट्रिप्सिन साखळी कापते ते लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांपाशी. पेप्टाइडला धनभार देणारी अमिनो आम्लेही हीच. म्हणजे जंतू मारण्यासाठी जे लागते, तिथेच कात्री चालते. लायसिन काढले तर मारक्षमता जाते आणि ठेवले तर आयुष्य कमी होते.

दुसरी अडचण विषारीपणाची. मारा वाढवण्यासाठी तेलकट भाग वाढवला की पेप्टाइडला जिवाणू आणि तांबडी रक्तपेशी यांतला फरक कळेनासा होतो. म्हणून प्रत्येक नव्या पेप्टाइडसाठी दोन आकडे मोजले जातात: किती मात्रेत जंतूची वाढ थांबते आणि किती मात्रेत रक्तपेशी फुटतात. या दोन आकड्यांत जेवढे अंतर जास्त, तेवढी औषधाची आशा जास्त.

तिसरी अडचण खर्चाची. पेप्टाइड प्रयोगशाळेत एकेक कडी जोडत बनवतात. ही पद्धत ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये मांडली आणि त्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल मिळाले. समजा ३० जोडण्या करायच्या आहेत आणि प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी होते. तरी शेवटी अचूक माल सुमारे ७४ टक्केच मिळतो. प्रत्येक टप्प्याचे यश ९५ टक्क्यांवर आले, तर हातात २१ टक्के उरतात. लांब साखळी महाग का पडते, ते या हिशेबातून कळते.

रसायनशास्त्रज्ञ नेमके काय बदलतात?

• टोके झाकणे : साखळीचे सुटे टोक एन्झाइमला पकडायला सोपे जाते. शेवटच्या टोकावर अमाइड गट बसवला की पकड कठीण होते आणि ऋणभार निघून गेल्याने पेप्टाइडचा एकूण धनभारही वाढतो. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वापरला जाणारा उपाय.

• आरशातली कडी वापरणे : शरीरातली अमिनो आम्ले जवळपास सगळी एकाच ‘हाताची’ असतात. त्यांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी रूपेही बनवता येतात. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात नीट बसत नाही, तशी ही कडी एन्झाइमच्या खोबणीत बसत नाही आणि कात्री चालत नाही.

• साखळीचे कडे करणे : दोन टोके किंवा मधले दोन भाग एकमेकांना जोडले की सुटे टोक राहत नाही आणि आकारही पक्का होतो.

• चरबीची शेपटी जोडणे : मेदाम्ल जोडले की पेप्टाइड जंतूच्या आवरणात सहज घुसते. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून ते जास्त काळ टिकूही शकते. मात्र शेपटी फार लांब झाली की रक्तपेशी फुटण्याचा धोका वाढतो.

• कण्यातच फेरफार : निसर्गात नेहमी न आढळणारी, एक-दोन कार्बनने लांब अशी अमिनो आम्ले घातली की एन्झाइमला ती साखळी ओळखूच येत नाही.

यातल्या काही युक्त्या निसर्गाने आधीच वापरल्या आहेत. सोव्हिएत संशोधकांना १९४० च्या दशकाच्या सुरुवातीस सापडलेले ग्रॅमिसिडिन एस हे दहा कड्यांचे गोल पेप्टाइड आहे आणि त्यात आरशातली अमिनो आम्लेही आहेत. दुधातल्या लॅक्टोकोकस जिवाणूचे निसिन ३४ कड्यांचे असून त्यात गंधकाच्या पुलांनी बांधलेली पाच वलये आहेत. निसिन खाद्यपदार्थ टिकवण्यासाठी अनेक देशांत मान्य आहे. प्रक्रिया केलेल्या चीजच्या वेष्टनावर दिसणारा २३४ हा क्रमांक त्याचाच.

हे बदल कुठे जमले?

टिकाऊपणाचे सर्वांत ठळक उदाहरण जंतुनाशकांच्या बाहेरचे आहे. मधुमेह आणि वजन कमी करण्यासाठी चर्चेत असलेले सेमाग्लुटाइड हे बदललेले पेप्टाइडच आहे. शरीरातले मूळ जीएलपी-१ एक-दोन मिनिटांत निम्मे होते. त्यात दोन अमिनो आम्ले बदलली, एका ठिकाणी मेदाम्लाची शेपटी जोडली आणि हाच काळ सुमारे एका आठवड्यावर गेला. आठवड्यातून एकच इंजेक्शन पुरते, ते यामुळे.

जंतुनाशकांमध्ये डॅल्बाव्हॅन्सिन हे असेच उदाहरण. सूक्ष्मजीवाकडून मिळालेल्या, साखरेचे घटक असलेल्या पेप्टाइडमध्ये रासायनिक बदल करून ते बनवले गेले. अमेरिकेत २०१४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ते शरीरात इतके टिकते की त्वचेच्या गंभीर संसर्गात एक किंवा दोन इंजेक्शनांत उपचार पूर्ण होतो.

ताजी आशा झोसुराबाल्पिनची आहे. अतिदक्षता विभागात धुमाकूळ घालणाऱ्या असिनेटोबॅक्टर या जिवाणूवर ते काम करते. गोलाकार पेप्टाइडसारख्या रेणूंच्या मोठ्या संग्रहातून सुरुवातीचा रेणू निवडला गेला आणि त्यात टप्प्याटप्प्याने बदल करून औषध घडवले गेले. त्याचे निष्कर्ष २०२४ च्या सुरुवातीला ‘नेचर’मध्ये आले. ते आवरणाला भोके पाडत नाही, तर आवरणासाठी लागणाऱ्या रेणूची वाहतूकच अडवते. तिसऱ्या टप्प्यातील मानवी चाचणीची घोषणा रोश कंपनीने २०२५ मध्ये केली.

आणि कुठे फसले?

अमेरिकेतले शास्त्रज्ञ मायकेल झॅसलॉफ यांनी १९८७ मध्ये आफ्रिकी बेडकाच्या कातडीतून मॅगेनिन वेगळे केले. त्यातले लायसिन वाढवून, टोकाला अमाइड लावून २२ कड्यांचे पेक्सिगॅनन बनवण्यात आले. मधुमेही रुग्णांच्या पायाच्या जखमेवर लावायचे मलम म्हणून ते पुढे आले. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता नाकारली. उपलब्ध गोळीपेक्षा ते सरस असल्याचे दिसले नव्हते. २०१६ मध्ये पुन्हा मोठ्या चाचण्या झाल्या, त्याही अपयशी ठरल्या.

दुसरे उदाहरण म्युरेपाव्हाडिनचे. डुकराच्या पांढऱ्या पेशींतील प्रोटेग्रिन या पेप्टाइडच्या धर्तीवर ते घडवले होते. २०१९ मध्ये त्याच्या शिरेतून द्यायच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. रुग्णांच्या मूत्रपिंडाला अपेक्षेपेक्षा जास्त इजा होत होती.

दोन्ही रेणू परीक्षानळीत जंतू मारत होते. पण रुग्णाच्या शरीरात प्रश्न वेगळा असतो. आधीच्या औषधापेक्षा हे बरे आहे का आणि ते सहन होते का, या दोन प्रश्नांवर बहुतेक पेप्टाइड्स अडकली आहेत.

महाराष्ट्रात काय काम सुरू आहे?

मुंबईत परळला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, प्रजनन आणि बाल आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथे सुझन इडिक्युला-थॉमस यांच्या गटाने ‘कॅम्प’ नावाचा जंतुनाशक पेप्टाइड्सचा माहितीसाठा उभारला. २०१० मध्ये तो जगासमोर आला, २०१६ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि २०२३ मध्ये चौथी आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्यात आता २४ हजारांहून अधिक पेप्टाइड्सच्या नोंदी आहेत आणि तो जगात कुणालाही मोफत पाहता येतो.

चौथ्या आवृत्तीत नैसर्गिक आणि कृत्रिम पेप्टाइड्स वेगळी केली आहेत. कुठल्या टोकावर कोणता बदल केला, कोणते अनोखे अमिनो आम्ल घातले, किती मात्रेत जंतू थांबले आणि किती मात्रेत रक्तपेशी फुटल्या, ही माहिती जिथे उपलब्ध आहे तिथे दिली आहे. नवी साखळी जंतुनाशक ठरेल का, याचा अंदाज बांधणारी संगणकीय साधनेही तिथे आहेत. अमिनो आम्ले २० आणि कड्या २० धरल्या, तरी शक्य साखळ्यांची संख्या २६ अंकांच्या पुढे जाते. त्या सगळ्या बनवून पाहणे अशक्य असल्याने आधी संगणकावर चाळणी लावणे भाग असते.

पुण्यात प्रत्यक्ष रसायनशास्त्राचे काम झाले आहे. आयसर पुणे येथील होसहुड्या गोपी यांच्या गटाने राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांसह २०१३ मध्ये छोट्या, चरबीची शेपटी असलेल्या पेप्टाइड्सवर संशोधन प्रसिद्ध केले. त्यांच्या कण्यात नेहमीपेक्षा लांब अमिनो आम्ले घातली होती आणि ती वेगवेगळ्या प्रकारच्या जंतूंवर परिणामकारक ठरली. साखळी आखूड ठेवल्याने वर दिलेला खर्चाचा हिशेबही हलका होतो. हे काम प्रयोगशाळेच्या पातळीवरचे आहे, औषध म्हणून ते बाजारात आलेले नाही.

सह्याद्रीतल्या बेडकाचा यात काय संबंध?

‘हायड्रोफायलॅक्स बहुविस्तार’ या बेडकाचे शास्त्रीय वर्णन पुण्यातील आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये केले. द्वीपकल्पीय भारतात दूरवर पसरलेला म्हणून ‘बहुविस्तार’. २०१७ मध्ये तिरुवनंतपुरमचे राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्र आणि अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी याच बेडकाच्या कातडीतील स्रावातून फ्लूचे काही विषाणू मारणारे पेप्टाइड वेगळे केले. केरळच्या लवचिक तलवारीवरून त्याला ‘उरुमिन’ नाव दिले. तपासलेल्या ३२ पेप्टाइड्सपैकी चार फ्लूवर चालली आणि त्यातले उरुमिन हे एकच तांबड्या रक्तपेशींना अपाय न करणारे निघाले. उंदरांना त्याने फ्लूपासून वाचवले. शरीरात ते टिकवणे हे आव्हान मात्र तिथेही आहेच.

गडहिंग्लजहून आजऱ्यामार्गे आंबोलीला जाणाऱ्यांना पावसाळ्यातल्या बेडकांची विविधता ओळखीची आहे. त्यातल्या प्रत्येकात औषध आहे असे नाही. आणि बेडूक पकडून किंवा त्याचा स्राव अंगाला लावून काहीही साधत नाही, अपायच होऊ शकतो. पेप्टाइडची साखळी एकदा वाचता आली की पुढे ती प्रयोगशाळेतच बनते. पण वाचण्यासाठी ती प्रजाती जिवंत असावी लागते.

कोलिस्टिनने काय शिकवले?

पॉलिमिक्सिन कुळातले कोलिस्टिन हे १९५० च्या आसपास जपानमध्ये सापडलेले पेप्टाइड. ते मूत्रपिंडाला त्रासदायक असल्याने त्याचे बदललेले रूप वापरात आले. त्यात धनभार देणारे गट रासायनिक टोपी घालून झाकलेले असतात आणि शरीरात ती टोपी हळूहळू उतरते. तरीही चांगली औषधे आल्यावर ते मागे पडले. नंतर इतर अँटिबायोटिक्स निकामी होऊ लागली, तेव्हा डॉक्टरांना शेवटचा पर्याय म्हणून पुन्हा कोलिस्टिनच काढावे लागले.

त्याच काळात जगभर हे औषध कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात वाढीसाठी वापरले जात होते. २०१५ मध्ये चीनमध्ये ‘एमसीआर-१’ हे जनुक सापडले. या जनुकामुळे जिवाणू आपल्याच आवरणावर एक रासायनिक गट चिकटवतो, त्याचा ऋणभार कमी होतो आणि कोलिस्टिनची पकड सुटते. म्हणजे जंतूनेही रासायनिक बदलाचीच युक्ती वापरली. हे जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाते. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत, कुक्कुटपालनात, मत्स्यपालनात आणि पशुखाद्यात कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली.

निसर्गातले पेप्टाइड असो की दहा वर्षे खपून सुधारलेले, बेसुमार वापरले तर जंतू त्यावर मार्ग काढतो, हा यातला धडा.

गडहिंग्लज, आजरा, चंदगडसाठी याचा अर्थ काय?

या भागात घरटी जनावर आहे आणि दूध हा रोजच्या पैशाचा आधार आहे. गाई-म्हशींची कास सुजते, तो ‘दगडी’ म्हणून ओळखला जाणारा कासदाह हे गोठ्यात अँटिबायोटिक वापरण्याचे मोठे कारण. सडात सोडलेल्या औषधाचा अंश काही दिवस दुधात उतरतो. म्हणून निसिनसारखी पेप्टाइड्स कासदाहावर वापरण्याचे संशोधन महत्त्वाचे आहे. ती पचनात मोडतात आणि माणसाच्या आजारांवरची अँटिबायोटिक्स राखून ठेवता येतात. असे पर्याय सर्रास मिळू लागेपर्यंत तीन गोष्टी हातात आहेत : पशुवैद्यकाने सांगितल्याशिवाय सडात औषध न सोडणे, सांगितलेला कोर्स पूर्ण करणे आणि औषधाच्या वेष्टनावर दिलेल्या मुदतीत त्या जनावराचे दूध डेअरीला न घालणे.

मधुमेही रुग्णांच्या पायाची जखम हा दुसरा मुद्दा. पेक्सिगॅनन याच जखमेसाठी बनवले होते आणि ते अपयशी ठरल्याने ती जागा अजून रिकामी आहे. पायाला मुंग्या, बधिरपणा किंवा न भरणारी छोटी जखम असेल, तर दुकानातली पावडर टाकत बसण्यापेक्षा लवकर डॉक्टरांना दाखवणे शहाणपणाचे. वरून लावलेले औषध खोल गेलेल्या संसर्गापर्यंत पोहोचत नाही.

तिसरा मुद्दा मेडिकल दुकानाचा. अँटिबायोटिकच्या पाकिटावर लाल उभी रेघ असेल, तर ते चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते. महत्त्वाची अनेक अँटिबायोटिक्स मार्च २०१४ पासून ‘एच-१’ यादीत आहेत. ती विकताना डॉक्टर, रुग्ण आणि औषधाची नोंद वहीत ठेवणे दुकानदारावर बंधनकारक आहे. सर्दी-तापाला मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेण्याची सवयही याच साखळीतली.

पुढे काय?

सुधारित पेप्टाइड्सना लगेच यश मिळेल ते जिथे शरीरातल्या एन्झाइमशी गाठ कमी पडते तिथे: जखमेवरचे लेप, कॅथेटर आणि कृत्रिम सांध्यांवरचे थर, जनावरांची सडे पुसण्याची द्रावणे. शिरेतून द्यायच्या औषधांना वेळ लागेल, कारण मारा, टिकाऊपणा आणि सुरक्षितता या तीन गोष्टी एकाच रेणूत बसवाव्या लागतात. एक वाढवली की दुसरी हलते. अँटिबायोटिक थोडे दिवसच वापरले जात असल्याने कंपन्यांना त्यात नफाही कमी दिसतो. म्हणून परळसारखे सरकारी माहितीसाठे आणि विद्यापीठांतले संशोधन यांवरच सुरुवातीचा भार राहणार आहे.

नवे पेप्टाइड औषध बाजारात आले तरी ते आजच्या अँटिबायोटिकपेक्षा महाग असेल आणि मोजक्याच रुग्णांसाठी राखावे लागेल. तोपर्यंत आज हाताशी असलेली औषधे चालत राहतील की नाही, हे गोठ्यात, दवाखान्यात आणि मेडिकल दुकानाच्या काउंटरवर ठरणार आहे.